गाडी रात्री कुठे उभी राहणार, ते आधी सांगा

कासारवडवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘माझी नोकरी ऐरोलीत, मिस्टर घरूनच काम करतात. जुनी पेट्रोल गाडी काढून टाटाची नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलंय, ४५ किलोवॅट-अवर बॅटरीची. कंपनी एका चार्जवर ४८९ किलोमीटर रेंज सांगते. आमचं गाव चिपळूणच्या पुढे, सावर्ड्याजवळ, गणपतीला आणि मे महिन्यात गाडीनेच जातो. सासऱ्यांना हे अजिबात पटत नाही. ते म्हणतात, “कशेडी घाटात संपली तर बादलीतून करंट आणणार का?” सोसायटीत चार्जिंगची सोय नाही आणि कमिटी प्रत्येक मीटिंगमध्ये विषय पुढे ढकलते. पण ॲपवर बघितलं तर घोडबंदर रोडवर ढिगाने चार्जर दिसतात. मग घरी सोय नसली तरी चालेल ना? ४८९ किलोमीटरच्या गाडीला चिपळूणपर्यंत काय प्रॉब्लेम येणार? की अजून दोन वर्षं थांबू?’

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा रेंजचा आकडा बाजूला ठेवला आणि सोसायटीबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी नेरुळला राहते आणि २०२१ पासून इलेक्ट्रिक गाडी चालवते. या काळात ज्या ओळखीच्यांनी गाडी घेऊन पश्चात्ताप केला, त्यातल्या एकाचीही अडचण रेंज नव्हती. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे प्लग नव्हता, एवढंच. आणि ज्यांच्याकडे प्लग होता, ते महिन्याभरात रेंज हा शब्दच विसरले.

तरी आधी ४८९ बद्दल बोलते, कारण सासऱ्यांशी वाद याच आकड्यावर होणार आहे.

हा आकडा खोटा नाही. तो एका ठरलेल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद असतो, वेग ताशी ९० च्या वर जात नाही, आणि पूर्ण चाचणीचा सरासरी वेग ताशी तीस-बत्तीसच्या आसपास असतो. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच फुटपट्टीने मोजता याव्यात म्हणून ती केलेली आहे. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी. त्यावर सावर्ड्याला निघायचं नाही. टाटाने याच गाडीसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरचा म्हणून ३५० ते ३७० हा वेगळा आकडा दिलेला आहे. शोरूममध्ये तो आपणहून कुणी सांगत नाही, तुम्ही विचारा.

मी मात्र याहून कमी धरते. हिशेब सोपा आहे: ४५ किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलात असतात ती ४५ युनिटं. तेवढी टाकी. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून एका युनिटला सात-साडेसात किलोमीटर मिळतात. हायवेवर ताशी ८० ने गेलात तर सातच्या आसपास. १०० ओलांडलेत की साडेपाच-सहावर येतं, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले तर वेग सव्वापट होतो, पण वारा कापायला लागणारा जोर दीडपटीहून जास्त. पेट्रोल गाडीतही हेच घडत असतं, फक्त तिथे पंप समोर दिसत असल्यामुळे आपण कधी मोजलं नाही.

म्हणजे हायवेवर तीनशे धरा. त्यातले शेवटचे चाळीस-पन्नास हातचे. उरले अडीचशे. तुमचं गाव कासारवडवलीपासून २७० च्या आसपास पडेल. एका दमात पोहोचालही कदाचित, पण त्या ‘कदाचित’च्या भरवशावर सासऱ्यांना आणि गणपतीच्या मूर्तीला घेऊन निघू नका. वाटेत एक थांबा धरूनच चला.

घाटाचं भय मात्र अवाजवी आहे. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साधारण साडेपाचशे मीटर वर जातो. माणसांसकट अठराशे किलोची गाडी तेवढी उचलायला साधारण तीन युनिटं जादा लागतात. म्हणजे वीस-एक किलोमीटरची रेंज. उतरताना मोटर उलट काम करून त्यातला बराच भाग परत बॅटरीत टाकते. कशेडीला तर आता बोगदा झालाय, त्यामुळे जुन्या घाटाची ती वळणं आणि तो चढही बऱ्याच अंशी टळतो. सासऱ्यांच्या मनातली कशेडी एसटीच्या काळातली आहे. त्यांना एकदा बोगद्यातून नेऊन आणा.

ट्रॅफिकचंही तसंच. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत माणगावला काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण अडकून पडलेली इलेक्ट्रिक गाडी फारसं काही खात नाही. इंजिन सुरू ठेवायचं नसतं. खातो तो एसी, तासाला एक-दीड युनिट. चार तास अडकलात तरी फार तर सहा युनिटं, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. पावसाळी हवेत त्याहून कमी. कोंडीत तुमची गाडी शेजारच्या डिझेलवाल्यापेक्षा निवांत असेल.

आता चार्जरकडे वळते. इथे मला तुमच्याशी जरा कडक बोलायचंय.

ॲपच्या नकाशावर दिसणारे ते हिरवे ठिपके मोजू नका. आधी त्यातले फास्ट किती ते बघा. २०२१ मध्ये आमच्या नवी मुंबईत, तुर्भ्याला, देशातलं सर्वांत मोठं म्हणून एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन सुरू झालं. २१ चार्जर. त्यातले डीसी, म्हणजे फास्ट, चारच होते. उरलेले १७ साडेतीन ते साडेसात किलोवॅटचे एसी, म्हणजे मंद चार्जर (हा एसी गाडी गार करणारा नव्हे). नकाशावर सगळे सारखेच दिसतात. साडेतीन किलोवॅटच्या चार्जरवर तुमची गाडी रिकामीची भरायला बारा-तेरा तास लागतील. तो चार्जर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उत्तम, हायवेवर निरुपयोगी. तेव्हा ॲपमध्ये फिल्टर लावा: ‘सीसीएस-२’ (तुमच्या गाडीला बसणारा फास्ट चार्जिंगचा प्लग) आणि ३० किलोवॅटच्या वर. घोडबंदर रोडवरचे निम्म्याहून जास्त ठिपके गळून पडले तर दचकू नका. जे उरतील तेच तुमचे.

त्यातही किलोवॅटचा आकडा नीट वाचायचा. कंपनी सांगते की ४५ ची बॅटरी १० ते ८० टक्के ४० मिनिटांत भरते. खरं आहे, पण यंत्र ६० किलोवॅटचं असेल आणि ते तुमच्या एकटीच्या गाडीला लागलं असेल तर. पुष्कळ यंत्रांना दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, असतात आणि दुसरी गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते. तिसाच्या यंत्रावर हाच वेळ तासावर जातो. आणि ८० नंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते. शेवटचे वीस टक्के भरायला जवळपास आधीच्या सत्तरइतकाच वेळ जाऊ शकतो. म्हणून प्रवासात ८० ला गन काढायची आणि निघायचं. मागे कुणी थांबलं असेल तर हा शिष्टाचारही आहे. मी डॅशबोर्डवर मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवून मगच चहाला जाते.

आता ‘अव्हेलेबल’ या शब्दाबद्दल. २०२२ च्या मे महिन्यात मी आईला घेऊन कोल्हापूरहून परत येत होते. माझी गाडी तेव्हाची जुनी नेक्सॉन, ३०.२ ची बॅटरी, कागदावर ३१२ किलोमीटर आणि हायवेवर दोनशे. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जरवर थांबायचं ठरवलं होतं. ॲपमध्ये हिरवा. पोहोचले तेव्हा १७ टक्के उरले होते आणि यंत्राचा पडदा काळा. वॉचमन म्हणाला, “मॅडम, हे आठ दिवस झाले बंदच आहे.” नेटवर्क तुटलेलं यंत्र आपण बंद आहोत हे तरी कसं कळवणार, आणि ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी बघितलं नव्हतं. पुढचा चार्जर चोवीस किलोमीटरवर. एसी बंद केला, डाव्या बाजूने ताशी पन्नासने गाडी चालवली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मे महिन्यातली दुपारची वेळ, ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसली होती आणि मला धीर देत होती. पोहोचलो तेव्हा ७ टक्के होते. गाडी बंद पडली नाही. पण आईला त्या उन्हात मी बसवलं, ते माझ्या मनातून गेलेलं नाही, कारण चूक फक्त त्या यंत्राची नव्हती. मी १७ टक्क्यांवर एकाच चार्जरच्या भरवशावर पोहोचले होते.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत आणि ते मी एकदाही मोडलेले नाहीत. चार्जरवर पोहोचताना २५ टक्के हवेतच. आणि पहिल्या चार्जरकडे निघण्यापूर्वी त्याच्या पुढचा दुसरा माहीत हवा, तोही शक्यतो वेगळ्या कंपनीचा. कारण एका कंपनीचं सर्व्हर पडलं की त्यांची त्या रस्त्यावरची सगळीच यंत्रं एकदम झोपतात.

ठिपका हिरवा असला तरी त्याखालचे अभिप्राय उघडा. काल किंवा परवा कुणी तिथे गाडी चार्ज केल्याचं दिसलं तर भरवसा ठेवायचा. महिनाभर कुणाचाच अभिप्राय नसेल तर दिलेल्या नंबरवर फोन करायचा. पेट्रोलपंपावर असेल तर पंपाच्या माणसाला विचारायचं, तो खरं सांगतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ‘ईव्ही यात्रा’ म्हणून ॲप आहे, त्यात निरनिराळ्या कंपन्यांची स्टेशनं एकत्र दिसतात. पण चार्ज सुरू करायला आणि पैसे भरायला बहुतेक ठिकाणी त्या-त्या कंपनीचं ॲप लागतंच. तेव्हा चार-पाच ॲप घरी, वायफायवर, निवांत उतरवून घ्या. नोंदणी करा, वॉलेटमध्ये दोन-तीनशे रुपये टाकून ठेवा. हे काम पोलादपूरला पावसात एका काडीच्या नेटवर्कवर करायचं नसतं. मॉलच्या तळघरातल्या चार्जरचीही हीच अडचण. यंत्र चालू, गाडी लागलेली, आणि ओटीपी येत नाही.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्रावर लाल रंगाचं गोल बटण असतं, आपत्कालीन बंदसाठी. येता-जाता कुणीतरी, बहुतेक वेळा लहान मुलं, ते दाबून जातात आणि यंत्र ‘बिघडलं’ म्हणून पडून राहतं. पडदा चालू असेल पण चार्ज सुरू होत नसेल तर आधी ते बटण आत दाबलेलं आहे का बघा. जळका वास, उघडी वायर असं काही नसेल, तर तिथल्या माणसाला विचारून ते बाणाच्या दिशेने फिरवलं की बाहेर येतं. मिनिटभरात यंत्र जागं होतं. माझ्या चार वर्षांतल्या ‘बंद’ यंत्रांपैकी तीन अशी सुटली. गन निघत नसेल तर गाडी एकदा लॉक करून अनलॉक करा. बरेचदा तेवढंच पुरतं.

पावसात चार्जिंग करायला भीती वाटते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सासरे विचारतील. गन गाडीत पक्की बसून दोघांचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय त्यातून वीज वाहतच नाही. मी पावसात छत्री धरून कितीतरी वेळा चार्ज केलंय. फक्त गनच्या तोंडात पाणी साचलेलं असेल तर झटकून घ्या, आणि तुटकी गन, उघडी वायर दिसली तर हात लावू नका.

तर हे सगळं शिकता येतं, त्यात अवघड काही नाही. पण ते प्रवासासाठी. वर्षातून दहा-बारा वेळा. रोजच्यासाठी नाही. आता तुमचा खरा प्रश्न: घरी सोय नसली तर चालेल का?

माझं उत्तर, नाही.

तुमचं रोजचं जाणं-येणं बघा. कासारवडवली ते ऐरोली, कळवा-विटाव्यावरून, दोन्ही वेळचं मिळून पंचेचाळीस किलोमीटर. रोज सहा-साडेसहा युनिटं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला अडीच-तीन युनिटं घेते. म्हणजे रात्री अडीच तास. तुम्ही जेवून झोपलात की झालं. आठवड्यातून दोन रात्री लावली तरी पुरते. याला फास्ट चार्जर लागत नाही, महागडी यंत्रणा लागत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये नीट अर्थिंग केलेला एक पॉइंट लागतो.

तो नसेल तर? आठवड्याला तीस-पस्तीस युनिटं बाहेरून घ्यायची. म्हणजे आठवड्यातून एक संध्याकाळ, ऑफिस सुटल्यावर, मेट्रोच्या कामातून वाट काढत घोडबंदरला आलात की पन्नास मिनिटं मॉलमध्ये. गन रिकामी मिळाली तर पन्नास. पहिले दोन महिने उत्साहाने कराल. जुलैच्या पावसात, मूल तापाने फणफणलेलं असताना, १२ टक्क्यांवर गाडी बघून रडू येईल. मी हे एका जवळच्या घरात बघितलंय. त्यांनी अकराव्या महिन्यात गाडी विकली, आणि गाडीत काहीही वाईट नव्हतं.

पैशाचंही बघा. बाहेर फास्ट चार्जिंगचा दर युनिटमागे साधारण अठरा ते पंचवीस रुपये पडतो आणि त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. दर बघताना तो धरलाय की वर लागणार आहे, ते तपासा. बावीस धरले तर किलोमीटरला तीन रुपये. घरच्या विजेचे दहा धरले तर दीड. पेट्रोल शंभराच्या वर आणि पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे सात रुपये. बाहेर चार्ज करूनही पेट्रोलपेक्षा स्वस्तच आहे, पण तुम्ही गाडीसाठी जे जादा पैसे भरणार ते वसूल व्हायला सव्वा ते दीडपट वेळ लागेल.

म्हणून गाडी बुक करण्याआधी कमिटीचं काम करा. मी सांगते तसा लेखी अर्ज द्या. तोंडी विषय काढला की तो पुढेच ढकलला जातो.

अर्जात दोन गोष्टी असू द्या. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नाही, सेवा आहे, त्याला वेगळा परवाना लागत नाही. आणि सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चालू जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे. कमिटीला बहुतेकदा वाटतं की हे काहीतरी बेकायदा आहे आणि उद्या आपल्या गळ्यात येईल. ही दोन वाक्यं वाचली की निम्मा विरोध मावळतो.

उरलेला निम्मा विरोध मात्र रास्त असतो आणि त्याला मान द्या. सेक्रेटरी विचारतील की तारेचा खर्च कोण करणार, लोड पेलेल का, आग लागली तर? खर्च मी करणार, असं आधीच लिहा. परवानाधारक कंत्राटदाराकडून काम, तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची केबल, जादा भार आला की पडणारा स्वतंत्र एमसीबी स्विच, अर्थगळती झाली की तुटणारी आरसीसीबी, आणि स्वतंत्र अर्थिंग, असं एका पानावर लिहून, त्याच्या सहीचा अंदाजपत्रकाचा कागद जोडा. तुमचा मंजूर भार किती ते महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं. कमी असेल तर वाढवून घ्या. गाडी रात्री अकरानंतर लावणार असंही लिहा, तेव्हा इमारतीचा भार उतरलेला असतो. बाराव्या मजल्यावरच्या मीटरपासून नव्हे, मीटर रूम तळमजल्यावर असते तिथून केबल ओढायची आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि दुसरा मार्ग, महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळा मीटर. त्याचा दर घरगुतीपेक्षा वेगळ्या वर्गात येतो. तुमच्या घराचं बिल आधीच तीनशे युनिटांच्या वर जात असेल तर गाडीची युनिटं घरच्या मीटरवर महागड्या टप्प्यात पडतील. तेव्हा दोन्ही हिशेब मांडून बघा. माझ्या घरी वेगळा मीटर फायद्याचा ठरला.

एकटीने अर्ज देऊ नका. तुमच्या इमारतीत इलेक्ट्रिक स्कूटर असणारे दोघं-तिघं नक्की असतील. आज ते बॅटरी किंवा वायर चौथ्या मजल्यावरून लोंबकळवत असतील. त्यांची सही घ्या. आणि आग लागण्याची भीती जे दाखवतात त्यांना सांगा की ती लोंबकळणारी एक्स्टेन्शनची वायरच सगळ्यात धोक्याची आहे, ती बंद व्हावी म्हणूनच तर नीट पॉइंट हवा.

कमिटीने तरीही नकार दिला तर ऐरोलीच्या ऑफिसमध्ये चौकशी करा. आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये मंद एसी चार्जर असतील तर तुमचं काम होईल, आठ तास गाडी उभीच असते. पण तो तुमच्या कंपनीला कायम मिळेल का आणि नोकरी बदलली तर काय, एवढं स्वतःशी विचारा. घरीही नाही आणि ऑफिसातही नाही, तर थांबा. दोन वर्षं थांबू का असं तुम्ही विचारलंत. वर्षं मोजू नका. पॉइंट बसेपर्यंत थांबा. तो पुढच्या महिन्यात बसला तर पुढच्या महिन्यात गाडी घ्या.

नेक्सॉन की आणखी कुठली, यात मी पडत नाही. ४५ ची बॅटरी तुमच्या वापराला पुरेशी आहे. पुण्याला जाणं-येणं असेल तर द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर राज्याच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे इलेक्ट्रिक कारना टोल माफ आहे, त्याचा आनंद घ्या. या बॅटरीची एक सवय तेवढी सांगून ठेवते. ती एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची आहे, तिला अधूनमधून घरच्या मंद चार्जरवर १०० टक्के भरावं लागतं, नाहीतर मीटरवरचे टक्के चुकायला लागतात. गावी निघण्याच्या आदल्या रात्री तर भराच.

आता गावाचा रस्ता. सकाळी १०० टक्क्यांनी निघालात तर माणगावला दीडशे किलोमीटर होतील आणि निम्मी बॅटरी शिल्लक असेल. तिथे नाश्त्याला अर्धा तास गाडी लावली की ७५-८० वर जाईल, आणि पुढचं सावर्डं आरामात. पण गणपतीत माणगावलाच सगळे थांबणार. म्हणून पेण, वडखळ, कोलाड या पट्ट्यात, गरज नसताना, रांग नसलेला चार्जर दिसला तर वीस मिनिटं लावून घ्या. पुढे महाड आणि खेडच्या आसपासचे चार्जर दुसरा-तिसरा पर्याय म्हणून लिहून ठेवा. आदल्या दोन दिवसांची गर्दी टाळून चार दिवस आधी निघता आलं तर फारच छान, मिस्टर घरूनच काम करतात म्हणता.

सासऱ्यांना या तयारीत घ्या. पटवून द्यायला म्हणून सांगत नाही. त्यांना तो रस्ता तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि वाटेत अडकलेल्या गाडीत म्हातारं माणूस बसलं की काय होतं हे मी आईच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्यांची काळजी खरी आहे. गाडी आली की जून-जुलैमध्ये एका साध्या शनिवारी त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावी जाऊन या. वही त्यांच्या हातात द्या. कुठल्या चार्जरला पोहोचलो तेव्हा किती टक्के, किती मिनिटांत किती भरलं, यंत्र चालू होतं की बंद, स्वच्छतागृह कसं, चहा कसा. गणपतीला ती वही ॲपपेक्षा जास्त कामाला येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम गावच्या घरात आहे. तिथे पडवीत १५ अँपिअरचा एक पॉइंट करून घ्या. रात्री नऊ ते सकाळी सात गाडी लावली तर पंचवीस युनिटं सहज जातात, पावणेदोनशे किलोमीटर. तुम्ही तिथे पाच दिवस राहणार, म्हणजे वीज गेली-आली तरी परतीच्या दिवशी टाकी भरलेलीच असेल. फक्त जुन्या घरांचं अर्थिंग बहुतेकदा नावापुरतं असतं आणि ते नीट नसेल तर गाडी चार्जच होत नाही, म्हणून नवा अर्थिंगचा खड्डा घ्यायला लावा. मीटरचा मंजूर भार बघा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नका, बोर्ड वितळतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात काय झालं ते तुमच्या घराने जवळून पाहिलं असेल. पाणी अंगणापर्यंत आलं असेल तर ती खूण धरून पॉइंट तिच्या बराच वर बसवा. आणि वायरमनला आषाढातच बोलावून घ्या, गणपतीच्या आठवड्यात तो कुणालाच मिळत नाही.